यात जावा चालतं का?

…आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, “काका, जावा म्हणजे काय?” घ्या! म्हणजे दुकान तुझं, काचेच्या कपाटात दिवे लावून मांडलेले ते आरशासारखे चकाचक फोन तुझे, आणि जावा म्हणजे काय हे रंगाच्या दुकानात दिवसभर डबे हलवणाऱ्या माणसानं तुला समजावून सांगायचं? आणि तुम्हाला सांगतो, मला तरी कुठं ठाऊक होतं! मला माझ्या मेहुण्यानं फोनवरून पढवलं होतं. तो कम्प्युटरवाला आहे, लांब असतो नोकरीला. म्हणाला, “भावोजी, दुकानात गेलात की इकडचं तिकडचं बोलत बसू नका, एकच प्रश्न विचारायचा, यात जावा चालतं का? हो म्हणाला तर घ्या, नाही म्हणाला तर बाहेर पडा.” बाहेर पडा! अहो, मी त्या महिन्यात इतक्या दुकानांतून बाहेर पडलोय की शेवटी शेवटी आत शिरताना चपला काढायच्या बंद केल्या! एक म्हणतो, “तो जमाना गेला साहेब.” दुसरा म्हणतो, “जावाचे स्पेअर पार्ट ना? ते मोटारसायकलवाले पलीकडच्या गल्लीत.” तिसरी एक पोरगी होती, फार गोड बोलली हो, म्हणाली, “सर, जावा नाही, पण याचा कॅमेरा बघा ना, रात्रीचासुद्धा चंद्र येतो.” अगं बाई, चंद्र रात्रीचाच येतो! मला चंद्र नकोय, मला सांग, यात जावा चालतं का?

घरी सासूबाईंच्या कानावर हे पडलं. त्या म्हणाल्या, “जावा कधी चालल्यात का कुठं? आमच्या घरात आम्ही तिघी जावा, एकीचं तोंड पूर्वेला, एकीचं पश्चिमेला. घरात चालल्या नाहीत, त्या फोनमध्ये काय चालणार!”

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या जावाचं घेऊन बसलाय हा माणूस? भोवऱ्यासारखा का फिरतोय? सांगतो. त्यासाठी आधी तुम्हाला माझे सासरे सांगायला पाहिजेत.

माझे सासरे, आमच्याकडंच राहतात, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, बसस्टँडवर घोषणा करायचे. आयुष्यभर तेच काम. ती काचेची खोली, समोर माइक, आणि “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे!” इकडे लक्ष द्यावे काय, न देऊन सांगता कुणाला! असा आवाज, असा आवाज… म्हणजे काय सांगू, तांब्याचा मोठा हंडा असतो ना, रिकामा, त्यात तोंड घालून बोलल्यावर कसं आपल्यालाच वाटतं की आपण कुणीतरी मोठे आहोत, तसा त्यांचा साधा आवाज. ते “फलाट क्रमांक चार” म्हणाले की झोपलेली माणसं उठून चारवर जाऊन उभी राहायची आणि मग विचार करायची की आपल्याला जायचंय कुठं! मी लग्नाचं विचारायला पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, त्यांनी नुसतं “काय करता आपण?” विचारलं, आणि मी बसल्या जागी दचकून पिशवी शोधायला लागलो. मला वाटलं, गाडी सुटली!

आणि अशा माणसाच्या नेमकं घशात निघालं. हो. तेच. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज नाही वाचणार. स्वरयंत्र काढावं लागेल, सगळं. नानांनी म्हणे एवढंच विचारलं, “कधी?” डॉक्टर म्हणाले, परवा. नाना म्हणाले, “म्हणजे उद्याचा दिवस आहे.”

आता तुम्ही मला सांगा, उद्याचा एकच दिवस आपल्याकडं आवाज आहे, परवापासून कायमचा नाही, तर तुम्ही काय कराल? मी असतो तर रडलो असतो, मोठ्यांदा, फुकट जाऊ नये म्हणून! कुणी गाणं म्हणेल, कुणी बायकोला चार गोड शब्द बोलेल, कुणी ज्याला आयुष्यभर शिव्या द्यायच्या राहिल्या त्याला गाठून देऊन घेईल. नानांनी काय केलं? त्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी आणि कुठल्याशा कॉलेजच्या मुलांनी मिळून असं काहीतरी बनवलेलं की माणसाचा आवाज आधी भरून ठेवायचा, आणि मग नंतर साध्या बटणांच्या मोबाइलवर अक्षरं दाबली की तो फोन त्या माणसाच्या आवाजात बोलणार. नानांनी ऐकलं, आणि खुर्ची ओढून बसले माइकसमोर. आणि बाराखडी म्हणायला लागले.

बाराखडी हो! क का कि की कु कू के कै… सकाळी सुरुवात केली, जेवायला थांबले नाहीत. क झाला, ख झाला, ग झाला. बाई म्हणाल्या, “नाना, थोडी विश्रांती घ्या.” नाना म्हणाले, “परवापासून विश्रांतीच आहे.” ‘ळ’ला थोडी खरखर आली तर म्हणाले, “ळ पुन्हा घ्या, बाई. ळ बिघडला तर माणूस अडाणी वाटतो.” सासूबाई शेजारी पाण्याचा पेला घेऊन बसलेल्या. त्या अजून कुरकुरतात, “एक शब्द माझ्याशी गोड बोलले नाहीत त्या दिवशी! नुसतं आपलं घ घा घि घी!” त्यावर नानांनी तेव्हाच त्यांना सांगितलेलं म्हणे, “अगं, शब्द बोललो की संपला. अक्षरं ठेवली तर हवं ते रोज बोलता येईल.”

हे मला सासूबाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी गप्प झालो, आणि मी गप्प होणं ही काय चीज आहे ते माझ्या बायकोला विचारा.

तर तो फोन. बटणांचा, राखाडी, साबणाच्या वडीएवढा. त्यात ते बाराखडीचं ॲप. आणि ते ॲप जावाचं, म्हणजे जुन्या फोनांत चालायची ती कम्प्युटरची भाषा, तिच्यात लिहिलेलं! समजलं आता? नाना अंगठ्यानं खडखडखड बटणं दाबणार, बघतसुद्धा नाहीत, आणि फोन बोलणार, “जा-व-ई… च-हा… थं-ड… आ-हे.” आवाज नानांचाच, पण एकेक अक्षर सुटं, जिन्यावरून कुणी बटाटे सोडल्यासारखं. जोडाक्षर आलं की पाय घसरायचा. चष्मा म्हणजे “च-ष-मा”. प्रेम म्हणजे “प-रे-म”, पण तो शब्द काही त्यांना फारसा लागायचा नाही म्हणा. आणि हसायचं झालं तर बाराखडीत हसणं कुठलं? ते टाइप करायचे “हा-हा-हा”. सरळ, सपाट, शाळेत हजेरी दिल्यासारखं. पण चाललं हो सगळं! वर्षानुवर्षं चाललं! भाजीवाल्याशी घासाघीस त्याच आवाजात, शेजाऱ्याशी भांडण त्याच आवाजात. शेजारी म्हणायचा, “नाना, तुम्ही टाइप करेपर्यंत माझा राग निघून जातो!”

आणि आमची मुलगी, भिंगरी म्हणतो तिला, ती जन्मली ती हा आवाज ऐकतच. तिला दुसरा आजोबा माहीतच नाही! तिला वाटायचं, आजोबा लोक असेच बोलतात, हातातून. आणि मग ती स्वतःच तशी बोलायला लागली ना! “आ-ई… भू-क… ला-ग-ली.” शाळेतून बोलावणं. मी आणि बायको त्या छोट्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे कानाशी घेऊन बसलोय, आणि बाई अगदी हळू आवाजात, “हे बघा, घाबरून जाऊ नका, पण तुमच्या मुलीला बोलण्यात काही अडचण आहे का?” मी म्हटलं, “नाही हो बाई, अडचण काही नाही, आजोबांवर गेलीय.” पण एक सांगतो, वर्गात सगळ्यात आधी वाचायला तीच शिकली. शिकणारच! अक्षराला अक्षर, नाना दाबणार आणि ती ओळखणार, दोघांचा दुपारचा खेळच तो.

असं सगळं चाललेलं असताना त्या फोनची बॅटरी फुगली. टम्म! पुरी… नाही, फुगा म्हणा, फुग्यासारखी. मागचं झाकण बसेना, म्हणून रबरबँड. फोन रबरबँड लावून बोलतोय! तशी बॅटरी आता कुठं मिळत नाही, तो फोन बनवणं कधीच बंद. मग म्हटलं, नवा फोन घेऊ, त्यात हे ॲप टाकू, त्यात काय मोठंसं? आणि तिथून सुरू झाली माझी ती वारेमाप वणवण. यात जावा चालतं का? नाही. यात? नाही. साधे बटणांचे फोन घेतले हातात, म्हटलं हे तरी जुन्या वळणाचे असतील, तर दुकानदार म्हणतो, “दिसतं जुनं, काका. आत सगळं नवीन.” एकानं खात्रीनं सांगितलं, चालतं, आणि जुन्या फोनातलं ॲप त्यात टाकूनही दिलं, म्हणाला, नाही जमलं तर परत आणा! घरी आणून बघतो तर ॲप उघडतं, बाराखडी दिसते, आणि आवाजच नाही! नाना बटणं दाबताहेत, फोनच्या पडद्यावर अक्षरं पळताहेत, आणि शांतता. नानांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बटण न दाबता शिवी दिली.

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. आधी पेटी वाजली, मग एक बाई, “आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” म्हटलं, माझा नाही हो, सासऱ्यांचा! ती सगळं ऐकून म्हणाली, “सर, ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी आमच्या नव्या फोनमध्ये जावाची सोय काढून टाकण्यात आली आहे.” मी म्हटलं, “बाई, आमचे ग्राहक सुरक्षित आहेत, पण मुके आहेत!” तिकडून टाइप केल्याची खडखड. मग म्हणाली, “मी आपली सूचना पुढं पाठवते.” कुठं पाठवली कोण जाणे.

मग मी मेहुण्यावर भडकलो. म्हटलं, “काय रे, तुम्ही कम्प्युटरवाले, काय बिघडलं असतं ते जावा ठेवलं असतं तर? खायला मागत होतं का ते?” तो अगदी शांत, “भावोजी, मागतं ना. जुनं चालू ठेवायचं तर कुणीतरी रोज त्याची राखण करावी लागते. भोकं बुजवावी लागतात, नाहीतर चोर शिरतात. हजारातला एक माणूस ते वापरणार, आणि त्या एका माणसासाठी कंपनीनं—” मी म्हटलं, “एका माणसासाठी नाही रे! तुझ्या बापासाठी!”

मग म्हणाला, “हं.” आणि फोन ठेवला.

आता खरं सांगायचं तर तो काही चुकीचं बोलत नव्हता. तुम्हाला सांगतो, आमच्या रंगाच्या दुकानात रोज कुणीतरी भिंतीचा पोपडा घेऊन येतं. कागदात गुंडाळून, हळू, जसा काही शिंपल्यात सापडलेला मोती. “हाच रंग पाहिजे.” आणि मी बघतो आणि म्हणतो, “तो नंबर बंद झाला हो. हा घ्या, अगदी त्याच्या जवळचा.” गिऱ्हाईक म्हणतं, “जवळचा नको, हाच.” आणि मला मनातून वाटतं, काय हट्टी माणूस आहे, पांढरा तो पांढरा! आता तेच मी फोनच्या काउंटरच्या अलीकडे उभा राहून म्हणत होतो, जवळचा नको, हाच! कंपनीचंही बरोबर, माझंही बरोबर, आणि दोन बरोबरांच्या मध्ये सासरे अडकलेले, रबरबँड लावून.

आणि एके दिवशी सकाळी तो फोन लागलाच नाही. संपला. नानांनी बटण दाबलं, धरून ठेवलं, परत दाबलं. रबरबँड काढला, बॅटरी काढली, पुसली, परत घातली. नाही. भिंगरी समोर उभी, म्हणाली, “ना-ना… बो-ला.” नाना काय बोलणार?

बायकोनं तडक जाऊन नवा मोठा फोन आणला, महागातला. त्यात लिहिलेलं वाचून दाखवणारं ॲप असतं ना, ते घातलं. नानांनी भिंगरीला जवळ बोलवायला म्हणून टाइप केलं, आणि त्यातून कोण बोललं माहितेय? एक तरुण! असा गुळगुळीत, दाढी केलेला आवाज! “माझे बाल कुठे आहे?” बाल! बाळ नाही, बाल! त्याला ळ येत नव्हता! नानांचा चेहरा असा झाला की जणू त्यांच्या काचेच्या खोलीत कुणी परका माणूस घुसून माइक धरून बसलाय. भिंगरीनं फोनच्या मागं वाकून पाहिलं, “हे काका कोण आहेत?” झालं. नानांनी तो फोन उचलला, नीट खोक्यात ठेवला आणि खोकं बायकोच्या हातात दिलं.

मग मी आपला शहाणपणा केला. भिंगरीची पाटी आणून दिली, म्हटलं, “नाना, यावर लिहा, आम्ही वाचू.” त्यांनी पाटी घेतली. लिहिलं. माझ्यासमोर धरली. लिहिलं होतं, “मी स्टँडचा आवाज होतो. फलक नव्हतो.”

त्यानंतर ते काही लिहिनात. तुम्हाला सांगतो, घरात एक माणूस बोलेनासा झाला की बाकीचे पण हळूहळू बोलेनासे होतात. भांडीसुद्धा हळू ठेवायला लागलो आम्ही. नाना संध्याकाळी बागेतल्या बाकावर जायचे, ते बंद. शेजारी दारात येऊन उगाच म्हणाला, “नाना, तुमच्या गच्चीतलं पाणी माझ्याकडे गळतंय!” गळत नव्हतं हो काही. त्याला भांडण करून हवं होतं. नाना उठलेसुद्धा नाहीत. आणि आमची भिंगरी नीट बोलायला लागली. अगदी नीट, सगळी मुलं बोलतात तसं, सलग. शाळेच्या बाई खूश. आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आणि मग न सांगता सवरता मेहुणा दारात उभा. पाठीवर ती कम्प्युटरची पिशवी, डोळे तांबारलेले. आत आला, बापाच्या पाया पडला आणि पहिला प्रश्न, “जुना फोन कुठाय?” सासूबाई म्हणाल्या, “अरे, पाणी तरी पी.” नाही. फोन घेतला, झाकण काढलं, बॅटरी काढली, आणि नखानं आतून काहीतरी उपटलं. एवढंसं! नखाएवढं काळं कार्ड! म्हणाला, “देवा, असू दे यात.” मी म्हटलं, “काय असू दे?” त्यानं कम्प्युटरमध्ये कार्ड घातलं, पडद्यावर एक नाव आलं आणि त्यानं श्वास सोडला. “आहे. बाईंनी मूळ फाइल इथं ठेवलीय. जार आहे, भावोजी.” मी म्हटलं, जार म्हणजे बरणी? म्हणाला, “बरणीच. जावाची बरणी. ती बरणी नव्या फोनला उघडता येत नाही. पण माणसाला येते ना.” आणि त्यानं त्या नावाची शेपटी, टिंबानंतरची ती अक्षरं, खोडली, दुसरी लावली. एवढंच! शेपटी बदलली आणि बरणी उघडली!

आणि आत… अहो, आत काय! ओळीनं, क, का, कि, की, खाली ख, खा, ग, घ… सगळी बाराखडी! चारशेच्या वर अक्षरं, एकही सांडलेलं नाही, माणसाचा अख्खा आवाज, सुट्टा करून, पुसून, लावून ठेवलेला! मी विचारलं, “केवढं आहे रे हे सगळं मिळून?” तो म्हणाला, “तुम्ही परवा पाठवलात ना भिंगरीचा फोटो, आइसक्रीम खातानाचा? त्याच्या अर्ध्यानं.” अर्ध्यानं! एक माणूस आयुष्यभर जे जे बोलेल ते सगळं, सगळी भांडणं, सगळ्या हाका, सगळे टोमणे, एका आइसक्रीमच्या फोटोच्या अर्ध्यात! माझ्या अंगावर काटा आला. आताही येतोय, हे बघा.

मेहुण्यानं कम्प्युटरला ते मोठे स्पीकर जोडले, आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

“क.”

तुम्हाला सांगतो… आम्ही इतकी वर्षं तो आवाज त्या साबणाच्या वडीतून ऐकत होतो. शर्टाच्या बटणाएवढा त्याचा स्पीकर, त्यातून पत्र्याचा यायचा. आणि हा “क”! हा हंड्यातला होता! स्टँडवरचा! खिडकीची काच थरथरली, खरंच थरथरली, मी बघितलंय. शेजारच्याचं दार उघडल्याचं ऐकू आलं. बायको जिथं उभी होती तिथं खाली बसली. मेहुणा पुढचं दाबायचंच विसरला. नाना पलंगावर होते. ते उठून बसले, पाय जमिनीला लावले आणि शर्टाची कॉलर सारखी केली. कामावर निघाल्यासारखी.

भिंगरी म्हणाली, “हे नाना आहेत?” कुणी उत्तर द्यायच्या आत तीच म्हणाली, “हे नाना आहेत.”

मग का, कि, की… सगळी ऐकली आम्ही, एकेक. जेवण नाही, चहा नाही, जसं काही ती बाराखडी कुणी पहिल्यांदाच शोधून काढलीय! आणि अगदी शेवटी, ज्ञच्याही खाली, एक नाव होतं, ‘चुका’. मेहुणा म्हणाला, “हे चुकून राहिलेलं दिसतंय. बाईंनी कापून टाकलेले तुकडे.” म्हटलं, लाव तर खरं. आधी खोकला. मग खुर्ची करकरली. मग नानांचं “ळ… नाही, परत घेऊ.” मग सासूबाईंचा आवाज, किती कोवळा हो, “अहो, दोन घोट घ्या पाणी. सकाळपासून नुसतं क का कि की, माझ्याशी बोलणार आहात की नाही आज?” आणि मग नाना. सुटे नाही! सलग! बटाटे नाहीत, अख्खी नदी! “थांब गं, ळ नीट येऊ दे. तुझ्याशी भांडायलाच तर साठवतोय हे सगळं!”

आणि हसले.

खदाखदा, मनापासून, मधेच श्वास अडकून परत सुरू होणारं हसणं… उद्या ऑपरेशन असलेला माणूस! बाराखडीत जे बसलं नव्हतं, ते चुकांमध्ये राहिलं होतं. मी नानांकडं पाहिलं. नाना पलंगावर तोंड उघडून, डोळे मिटून, खांदे गदागदा हलवत हसत होते. आवाज नाही, अर्थातच. पण खांदे इकडे हलताहेत, हसणं तिकडून येतंय, आणि दोन्हीचा असा मेळ बसला, असा मेळ बसला की कुणी सांगावं हा आवाज या गळ्यातला नाही! भिंगरी तोंडाचा आ करून बघतेय. तिनं आजोबांना हसताना पाहिलं होतं हो, ऐकलं नव्हतं कधी.

सासूबाई उठून आत गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या, पदरानं तोंड पुसत, आणि मेहुण्याला म्हणाल्या, “परत लाव ते. भांडायचं म्हणतात तिथून.”

मेहुण्यानं रजा वाढवली आणि बसला ठाण मांडून. त्या सगळ्या अक्षरांना त्यानं नवीन घर बांधलं, खोक्यातल्या त्या महागाच्या फोनमध्ये. जोडाक्षरं सांधली. सुटं सुटं होतं ते जवळजवळ सलग केलं. आता चष्मा म्हणजे चष्मा! वर त्या हसण्याचं वेगळं बटण करून दिलं. नानांनी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा काय टाइप केलं असेल? शेजाऱ्याच्या दारासमोर जाऊन उभे राहिले आणि त्या हंड्याच्या आवाजात, पूर्ण मोठ्यानं, “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! गच्चीतून काहीही गळत नाही!” शेजारी बाहेर आला, नानांना मिठी मारली, आणि मग दोघं मनसोक्त भांडले.

झालं का छान? झालं ना? सगळे सुखी! मेहुणा नोकरीवर परत गेला. जाताना मी त्याला विचारलं, “मग काय ठरलं रे शेवटी? मोबाइलमध्ये जावा पाहिजे होतं की नको?” पिशवी पाठीवर चढवत म्हणाला, “भावोजी, काढायचं तर काढा. पण काढायच्या आधी आत कुणी राहतंय का ते बघा.”

आता माझं ऐका. जुन्या फोनवर कसं होतं, नाना खडखड टाइप करायला लागले की मला कळायचं, काहीतरी काम येतंय. ते “जा-व-ई” पर्यंत पोचेस्तोवर मी चपला घालून जिना उतरलेला असायचो! आता? आता हा नवा फोन हुशार आहे ना! तो शिकतो म्हणे, माणूस काय बोलतो ते लक्षात ठेवतो आणि पुढचं आपणहून सुचवतो. नानांनी नुसतं ‘जाव’ एवढं दाबायचा अवकाश, फोन पुढचं सगळं वाक्य भरून ठेवतो, आणि लगेच हंड्यातून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं, “जावईबापू, गॅसची टाकी उचला!” “जावईबापू, दिवा कोण बंद करणार?” आणि मी काही कारण सांगायला तोंड उघडलं, की ते दुसरं बटण. खदाखदा! बायको म्हणते, “किती छान हसतात ना!”

तेव्हा उद्या तुम्हाला कुणी विचारलंच ना, की आमच्या नानांच्या फोनमध्ये जावा चालतं का, तर सांगा, नाही. जावा नाही चालत. जावई चालतो… आलो, नाना, आलो!